चर्चच्या दाराशी उभा असलेला रामाजी

वाचकांचे प्रश्न : या महिन्याचं टपाल

या वेळी टपालाचा गठ्ठा जाड आहे. मागच्या अंकात मी एवढंच लिहिलं होतं, की १७०० ते १७४० या काळाबद्दल मनात काही असेल तर कळवा. शाळेत ही चाळीस वर्षं दोन तासांत उरकतात. औरंगजेब वारला, शाहू महाराज सुटले, बाजीराव पेशवे झाले, की पुढे थेट पानिपत. पण त्या काळातली माणसं आपल्या मुंबईत जागोजागी आहेत आणि तुमच्या पत्रांवरून दिसतंय, की ती तुम्हाला भेटतही आहेत. कुणाला स्टेशनच्या नावात, कुणाला देवळाच्या पायरीवर. सगळ्या पत्रांना इथे जागा नाही. जी एकमेकांत गुंतलेली वाटली, ती घेतली आहेत.

प्रश्न : आम्ही शाळेच्या सहलीला गेलो होतो तेव्हा चर्चगेट स्टेशनाच्या बाहेर मी खूप शोधलं. तिथे चर्च नाही आणि गेटपण नाही. मग नाव चर्चगेट का? (इयत्ता सहावीतली मुलगी, घाटकोपर)

बाळा, तू शोधलंस हेच मला फार आवडलं. जागा फक्त थोडी चुकली. पुढच्या वेळी स्टेशनातून बाहेर पड आणि वीर नरिमन रस्त्याने सरळ हुतात्मा चौकाकडे चालायला लाग. तिथे फ्लोरा फाउंटनचं कारंजं दिसेल. साधारण त्याच जागी एक दरवाजा होता. मुंबई तेव्हा तटाच्या आत होती. १७१५ साली चार्ल्स बून नावाचा गव्हर्नर आला आणि त्याच्या कारकिर्दीत गावाभोवती दगडी तट उभा राहिला. त्याला तीन मोठे दरवाजे होते : अपोलो गेट, बाजार गेट आणि हे चर्च गेट. आता कारंज्यावरून तसंच पुढे हॉर्निमन सर्कलकडे जा, म्हणजे तुला तुझं चर्चही सापडेल. सेंट थॉमस त्याचं नाव. त्या चर्चकडे जाणारा दरवाजा तो चर्च गेट.

हे चर्च बांधायला घेतलं होतं त्याच्याही चाळीसेक वर्षं आधी, जेराल्ड ऑन्जियरच्या काळात. भिंती थोड्या वर आल्या आणि काम थांबलं. ते तसंच अर्धवट पडून राहिलं. बूनच्या वेळी रिचर्ड कॉब नावाच्या पाद्र्याने मनावर घेतलं, वर्गणी गोळा केली आणि १७१८ च्या नाताळच्या दिवशी चर्च उघडलं. पुढे मुंबईतल्या मैलांच्या दगडांवरचं अंतर याच चर्चपासून मोजत. शहरात ते दगड काही ठिकाणी अजून आहेत. दिसला तर त्यावरची अक्षरं वाचून बघ.

तट १८६० नंतर पाडला, दरवाजा गेला. स्टेशन झालं त्याने नाव तेवढं सांभाळलं.

प्रश्न : वाळकेश्वराचं देऊळ रामा कामत यांनी १७१५ मध्ये पुन्हा बांधलं असं वाचलं. हे रामा कामत कोण? कामाठीपुऱ्याचं नाव त्यांच्यावरूनच पडलं का? (एक वाचक, गिरगाव)

दुसऱ्या भागाचं उत्तर आधी देते, कारण ते लहान आहे. नाही. कामाठीपुरा हे नाव तेलंगणातून आलेल्या कामाठी मजुरांवरून पडलं. इंग्रजांच्या कागदांत रामाजींचं आडनाव ‘कामाटी’ असं लिहिलेलं सापडतं, म्हणून घोटाळा होतो. ते शेणवी व्यापारी होते, कामत.

आता पहिला भाग. तुम्ही हा प्रश्न विचारलात याबद्दल मी तुमची ऋणी आहे, कारण या माणसाविषयी लिहायचं माझ्या मनात कितीतरी वर्षं आहे.

मी सातआठ वर्षांची असताना सर्वपित्री अमावस्येला वडिलांबरोबर बाणगंगेवर जायचे. वडील तळ्याच्या पायऱ्यांवर तर्पणाला बसत आणि मी वर दीपमाळेशी त्यांचा सदरा आणि छत्री सांभाळत उभी राहायचे. पायऱ्या शेवाळलेल्या, पाण्यात बदकं, दर्भाचे आणि फुलांचे थर तरंगत असायचे. तळं शिलाहारांच्या काळचं, ११२७ मधलं, असं वडील सांगत. मूळ देऊळ पोर्तुगीजांच्या राज्यात पाडलं गेलं. मग ते परत उभं कुणी केलं, असं मी विचारलं होतं. वडील म्हणाले, “कामतांनी.” बस्स, एवढंच. ते नाव डोक्यात राहिलं, माणूस मात्र मला फार उशिरा कळला.

रामाजी श्रीमंत होते, वजनदार होते आणि कंपनी सरकारच्या उपयोगी पडणारे होते. कंपनीच्या देशी शिपायांची जबाबदारी त्यांच्याकडे असे. ज्या वर्षी बून मुंबईत आला, त्याच वर्षाचं, म्हणजे १७१५ चं, वाळकेश्वराचं देऊळ. इंग्रजांच्या बेटावर देऊळ बांधण्याइतका ज्याचा शब्द चालतो, तो माणूस सरकारच्या किती जवळचा असेल ते बघा.

वरच्या मुलीला मी ज्या नाताळबद्दल सांगितलं, त्या दिवसाचं वर्णन कॉब पाद्र्याने लिहून ठेवलं आहे. चर्च खचाखच भरलेलं, आणि दाराशी रामाजी आपल्या सगळ्या जातभाईंना घेऊन उभे होते. आत गेले नाहीत. पण प्रार्थना संपेपर्यंत दारातून सगळं बघत उभे राहिले. मला हे चित्र डोळ्यांसमोरून हलवता येत नाही. तीन वर्षांपूर्वी ज्याने स्वतःचं देऊळ बांधलं, तो दुसऱ्याच्या देवाच्या घरभरणीला मानाने येतो, आपली पायरी ओळखून बाहेर थांबतो आणि अर्ध्यातून निघून जात नाही. शेजारधर्म म्हणतात तो हा.

पण त्या नाताळला बूनच्या मनात काय सलत होतं, तेही लक्षात घ्या. त्याच्या जेमतेम दीडदोन महिने आधी, नोव्हेंबर १७१८ मध्ये, तो स्वतः आरमार घेऊन कान्होजी आंग्र्यांच्या खांदेरी बेटावर गेला होता आणि हात हलवत परत आला होता. हार झाली की फितूर शोधतात. खांदेरीवरच्या स्वारीची बातमी आंग्र्यांना आधीच लागली होती, ती कुणी दिली? संशय रामाजींवर नेण्यात आला. १७२० मध्ये मुंबईत त्यांच्यावर खटला उभा राहिला. पुरावा म्हणून पत्रं पुढे आली, रामाजींनी आंग्र्यांना लिहिलेली म्हणून. त्यांच्या कारकुनाला पकडून त्याच्या अंगठ्यांना लोखंडी कळ लावून आवळली आणि त्या वेदनेत त्याच्याकडून हवं ते वदवून घेतलं. एवढ्यावर निकाल झाला. जन्मठेप, मालमत्ता जप्त. रामाजी पुढे आठेक वर्षांनी तुरुंगातच वारले.

ती पत्रं बनावट होती. ज्यांनी नंतर हा खटला तपासला, त्यांचं याबद्दल दुमत नाही.

माझं मत विचाराल तर सांगते. ज्या गव्हर्नराने मुंबईला तट दिला, चर्च दिलं, त्याच्याच सहीने हा अन्याय झाला आणि या तिन्ही गोष्टी एकत्र सांगितल्याशिवाय बूनचा इतिहास पुरा होत नाही. तुम्ही गिरगावातच राहता. वाळकेश्वराला जाल तेव्हा सभामंडपात क्षणभर थांबून त्यांचं नाव घ्या, एवढी माझी विनंती आहे. त्यांच्या घरादाराचं सगळं जप्त झालं. देऊळ तेवढं राहिलं.

प्रश्न : स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करतोय. औरंगजेबाच्या मृत्यूची तारीख एका पुस्तकात २० फेब्रुवारी १७०७ आहे आणि दुसऱ्यात ३ मार्च १७०७. १७३९ च्या वसईच्या तहाचंही तसंच, ५ मे आणि १६ मे. बरोबर कुठली धरू? (मुलुंड)

दोन्ही. हे ‘दोन्ही’ समजायला मला एका विद्यार्थ्याने शिकवलं, म्हणून ती हकिगत सांगते. मी परळच्या शाळेत होते. सहामाहीच्या पेपरात गाळलेली जागा होती : ‘औरंगजेबाचा मृत्यू ___ रोजी झाला.’ एका मुलाने लिहिलं २० फेब्रुवारी. मी लाल फुली मारली, कारण क्रमिक पुस्तकात ३ मार्च होतं. दुसऱ्या दिवशी तो मुलगा आजोबांचं एक जुनं पुस्तक कापडात गुंडाळून घेऊन आला. वडील गिरणीत, आजोबाही गिरणीतलेच, पण पुस्तकाला घरात देवासारखं जपलेलं. त्यात २० फेब्रुवारी छापलं होतं. मी त्याला म्हटलं, जुनं पुस्तक आहे, चुकलं असेल. तो काही न बोलता पुस्तक परत गुंडाळायला लागला. त्याच्या त्या गाठ मारण्याने मी अस्वस्थ झाले. रविवारी ग्रंथालयात जाऊन बसले, आणि सोमवारी वर्गासमोर त्याचा गुण त्याला परत दिला.

कारण असं. युरोपात जुनी दिनदर्शिका सूर्याच्या गतीपासून हळूहळू ढळत गेली होती. १५८२ मध्ये पोपने ती सुधारली. पोर्तुगीजांनी ती लगेच घेतली. इंग्रजांनी नाही घेतली, ते १७५२ पर्यंत जुन्याच तारखा लिहीत राहिले. १७०० नंतर या दोहोंत अकरा दिवसांचं अंतर होतं. २० फेब्रुवारीत अकरा मिळवा, ३ मार्च येतो. ५ मे मध्ये अकरा मिळवा, १६ मे येतो. तुमचा प्रश्न सुटला. परीक्षेत नवी तारीख लिहा, पण पर्यायांत जुनी दिसली तर गोंधळू नका.

यातली मुंबईची गंमत मात्र ऐकून ठेवा. माहीम इंग्रजांचं आणि खाडीपलीकडचं वांद्रे पोर्तुगीजांचं. होडीने पाच मिनिटांची खाडी ओलांडली की तारीख अकरा दिवस पुढे जायची. १७१८ चा तो नाताळ, जेव्हा रामाजी फोर्टातल्या चर्चच्या दाराशी उभे होते, तो दिवस वांद्र्याच्या पाद्र्यांच्या हिशेबाने ५ जानेवारी १७१९ होता. तिकडे नाताळ होऊन अकरा दिवस लोटले होते आणि दुसऱ्या दिवशी तीन राजांचा सण होता.

आणखी एक खोच आहे. इंग्रजांचं वर्ष त्या काळी १ जानेवारीला नव्हे, २५ मार्चला बदलायचं. म्हणून त्यांच्या कागदांत फेब्रुवारी १७१९ ची नोंद फेब्रुवारी १७१८ म्हणून सापडते. नीट छापणारे लोक ती १७१८/१९ अशी छापतात.

मराठी कागदांत तर यातलं काहीच नसतं. तिथे तिथी असते, शक असतो आणि शुहूर सन असतो, तोही अरबी आकड्यांत, अक्षरांत लिहिलेला. भिऊ नका. ‘तिसा सलासीन मया व अलफ’ असं आलं तर शेवटून सुरू करा : अलफ म्हणजे हजार, मया म्हणजे शंभर, सलासीन तीस, तिसा नऊ. झाले ११३९. हे साल मृगावर बदलतं, म्हणून त्याला मृगसाल म्हणतात. त्यात मृगापासून डिसेंबरअखेरपर्यंत ५९९ मिळवा आणि जानेवारीपासून पुढच्या मृगापर्यंत ६००. वसई पडली ती मे महिन्यात, म्हणजे ११३९ अधिक ६००, १७३९. दोनचार वेळा केलंत की हाताला सवय होते.

प्रश्न : माझी नात इंग्रजी माध्यमात आहे. तिने एका पुस्तकात वाचलं, की कान्होजी आंग्रे समुद्री चाचे होते. मी नाही म्हणालो, पण मला कारण देता आलं नाही. काय सांगू? (माझगाव)

आजोबा, कारण तुम्हाला नातीला एका शब्दात देता येईल : दस्तक.

चाचा म्हणजे ज्याच्या पाठीशी राज्य नाही, जो दिसेल त्याला लुटतो. कान्होजी हे मराठी राज्याचे सरखेल, म्हणजे आरमाराचे प्रमुख. त्यांच्या पाण्यातून जाणाऱ्या व्यापारी जहाजाने त्यांच्याकडून पैसे भरून दस्तक, म्हणजे परवाना घ्यायचा, असा त्यांचा नियम होता. दस्तक असेल त्याला जाऊ द्यायचं, नसेल त्याला धरायचं. पोर्तुगीज हेच दोनशे वर्षं करत होते आणि त्यांना कुणी चाचे म्हटलं नाही. इंग्रजांशी भांडण पेटलं ते यावरून, की कंपनीच्या निशाणाखाली कुणाकुणाचा माल जातो आणि त्याला दस्तक लागतं की नाही. कंपनीचे अधिकारी स्वतःचा खाजगी व्यापारही त्याच निशाणाखाली करत. कान्होजींचं म्हणणं, कंपनीचं जहाज ते कंपनीचं, बाकीच्यांनी परवाना घ्यावा.

नातीला दुसरी बाजूही सांगा, लपवू नका. १७१२ मध्ये कान्होजींच्या आरमाराने मुंबईच्या गव्हर्नरचं जहाज कारवारजवळ धरलं. त्यावर कारवारच्या वखारीचा प्रमुख होता, तो लढाईत मारला गेला आणि त्याची अगदी तरुण बायको कॅथरिन कैदेत पडली. तिला ३० हजार रुपये खंडणी घेऊन सोडलं. त्या मुलीचे दिवस कसे गेले असतील याचा विचार आपण केला पाहिजे. पण त्यानंतर झालं काय? १७१३ मध्ये इंग्रजांनी कान्होजींशी तह केला. चाच्यांशी कुणी कलमं लावून तह करत नाही.

आता त्यांची खरी करामत. त्यांच्याकडे गुराबा होत्या आणि गलबतं होती. गुराब मोठी, दोन किंवा तीन डोलकाठ्यांची, नाळेवर तोफा. गलबत लहान, हलकं, शिडाबरोबर वल्ह्यांचंही. वारा पडला की इंग्रजांचं मोठं जहाज जागच्या जागी लटकायचं. तेव्हा गलबतं वल्ही मारत गुराबांना दोर लावून ओढत आणायची आणि शत्रूच्या मागच्या अंगाला, जिथे त्याच्या तोफा कमी, तिथे आणून उभी करायची. तुम्ही माझगावचे. वारा नसताना मोठ्या नावेची काय दशा होते हे तुमच्याकडच्या कोळ्यांना विचारा, ते एका वाक्यात सांगतील.

इंग्रज १७१७ मध्ये विजयदुर्गावर गेले, १७१८ मध्ये खांदेरीवर, १७२० मध्ये पुन्हा विजयदुर्गावर, या वेळी तोफा लादलेला एक खास तरंगता तराफा बनवून. १७२१ मध्ये तर इंग्रज आणि पोर्तुगीज एकत्र होऊन अलिबागच्या कुलाबा किल्ल्यावर चालून आले. बाजीराव मदतीला धावले, पोर्तुगीजांनी वेगळा तह करून अंग काढून घेतलं आणि इंग्रज एकटे पडले. १७२४ मध्ये डचांनी विजयदुर्गावर हात मारून पाहिला. एकालाही यश आलं नाही. १७२९ मध्ये कान्होजी वारले ते अपराजित.

आणि आजोबा, नातीला एकदा फोर्टात लायन गेटच्या बाजूला घेऊन जा. नौदलाचा तिथला किनाऱ्यावरचा तळ मुंबईच्या त्याच जुन्या किल्ल्याच्या जागेवर आहे, जिथे बसून बूनने खांदेरीच्या स्वारीचे बेत केले. १९५१ पासून त्या तळाचं नाव ‘आयएनएस आंग्रे’ आहे.

प्रश्न : येसूबाई औरंगजेबाच्या कैदेतून कधी सुटल्या? शाहू महाराजांबरोबरच ना? (भांडुपहून एक गृहिणी)

नाही हो ताई, आणि हेच फार जणांना ठाऊक नसतं. १६८९ च्या नोव्हेंबरात रायगड पडला तेव्हा येसूबाई आणि सात वर्षांचे शाहू मोगलांच्या हाती लागले. १७०७ मध्ये औरंगजेब गेल्यावर शाहूंना सोडलं, पण आईला ओलीस म्हणून ठेवून घेतलं. लेक साताऱ्याला छत्रपती झाला आणि आई दिल्लीत. आणखी बारा वर्षं.

बाळाजी विश्वनाथ मोगल दरबारातल्या सय्यद बंधूंच्या मदतीला फौज घेऊन दिल्लीला गेले आणि १७१९ मध्ये परत आले ते स्वराज्याच्या, चौथाईच्या आणि सरदेशमुखीच्या सनदा घेऊन. पुस्तकात त्या सनदांवर परिच्छेदच्या परिच्छेद असतात. त्याच वाटेने येसूबाई परत आल्या, सुमारे तीस वर्षांनी, त्यावर एक ओळ. मी मुलांना हा धडा शिकवताना सनदा नंतर घ्यायचे. आधी फळ्यावर १६८९ आणि १७१९ लिहायचे आणि मुलांना वजाबाकी करायला सांगायचे. उत्तर आलं की वर्ग आपोआप शांत व्हायचा. सात वर्षांचं पोर बरोबर घेऊन गेलेल्या बाईचं ते पोर आता सदतिशीचं होतं.

प्रश्न : वाईजवळ मेणवलीला घाटावर एक मोठी घंटा पाहिली. तिच्यावर बाळ येशूला घेतलेली मेरी आहे आणि १७०७ साल आहे. देवळात ही कशी? (ठाणे)

वसईच्या मोहिमेनंतर आलेली घंटा आहे ती. १७३९ मध्ये चिमाजीअप्पांनी वसई घेतली तेव्हा तिथल्या चर्चच्या घंटा विजयाची खूण म्हणून ठिकठिकाणच्या देवळांत गेल्या. नाशिकची नारोशंकराची घंटा त्यातलीच, तिच्यावर १७२१ साल आहे. साल ओतकामाचं असतं, आणल्याचं नव्हे. म्हणजे मेणवलीची घंटा आधी ३२ वर्षं दुसऱ्या कुणाच्या तरी प्रार्थनेला वाजत होती. तुम्ही ठाण्याचे आहात म्हणून सांगते, त्या मोहिमेची सुरुवात तुमच्या गावातून झाली. मार्च १७३७ मध्ये ठाण्याचा किल्ला मराठ्यांनी घेतला, तिथे आज मध्यवर्ती कारागृह आहे.

प्रश्न : दोन मुलांना घेऊन एका दिवसात मुंबईहून जाऊन येण्यासारखं, या काळातलं काय दाखवू? (लालबाग)

कुलाबा किल्ला. आपलं कुलाबा नव्हे, अलिबागचा. गेटवेहून लाँचने मांडव्याला उतरा, तिथून बसने अलिबाग. आधी गावातल्या कान्होजींच्या समाधीवर जा, मग किनाऱ्यावर. वेळ उरला तर थळच्या किनाऱ्यावर जाऊन खांदेरी आणि उंदेरी दाखवा. दोन्ही बेटं समोर दिसतात. मुलांना सांगा, एवढ्याशा त्या खडकाने मुंबईच्या गव्हर्नराला परत पाठवलं.

कुलाब्याला ओहोटीत चालत जाता येतं, पण वेळ साधावी लागते. त्यासाठी पंचांग बरोबर घ्या. मराठी कागदांत तारखेऐवजी तिथी का, असं मुलं विचारतील तर हेच उत्तर द्या. इंग्रजी तारखेवरून पाणी कळत नाही, तिथीवरून कळतं. आपल्या किनाऱ्यावरचा हिशेब असा : तिथीची पाऊणपट करायची, ती भरतीची वेळ. पंचमी असेल तर पाच पाऊणे पावणेचार, म्हणजे पावणेचारला भरती आणि त्याच्या सहा तास पुढे, पावणेदहाच्या सुमारास, ओहोटी. अष्टमीच्या आसपास भांगाचे दिवस असतात, पाणी पुरतं ओसरत नाही, तेव्हा ते दिवस टाळा. आणि हिशेब कितीही पक्का असला तरी किनाऱ्यावरच्या माणसाला विचारल्याशिवाय पाण्यात पाऊल टाकू नका.

घरून निघायच्या आदल्या रात्री मुलांकडूनच तिथी बघून वेळ काढून घ्या. पोचलात की त्यांना आधी तट दाखवू नका, पाण्याची जागा दाखवा. चहूबाजूंनी खारा समुद्र आणि किल्ल्याच्या आत गोडं पाणी. ओंजळीत घेऊन त्यांना त्याची चव बघू द्या.